भरतीची बाजू

बारामतीत राहायला आले त्या पहिल्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावर कुणीतरी कुणाचा तरी जीव घेणार, अशी माझी खात्री झाली होती.

एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. त्याच रस्त्यावरच्या एका दुमजली घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली होती. बॅग अजून उघडलीही नव्हती, तेवढ्यात खालून बाईचा आवाज आला, "तू माणसं मारशील, माणसं! पिढ्यान्‌पिढ्या मारत राहशील!" त्यावर पुरुषाचा आवाज, तिच्याहून वरच्या पट्टीत, "आणि तू काय करशील? सगळ्यांना अंधारात बसवशील! खाडीतला मासासुद्धा जिवंत ठेवणार नाहीस तू!" मग काहीतरी धातूचं दाणकन आपटलं. मी अनवाणीच जिना उतरले. दार सताड उघडं. आत साठी ओलांडलेलं जोडपं फरशीवर समोरासमोर बसलेलं, मध्ये परात, आणि परातीत पावट्याच्या शेंगा.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

"भांडण... मला वाटलं..."

"भांडण कसलं? हे अणुवीज, मी भरतीची वीज. बस. शेंगा सोल."

मी बसले. छातीतली धडधड थांबेपर्यंत त्यांचा वाद कोळशाच्या राखेवर पोचला होता आणि परात निम्मी भरली होती.

काका मूळचे अंथुर्ण्याचे. काकू निमगाव केतकीच्या. दोघं बारामतीच्या कॉलेजात एका वर्गात होते आणि वर्गातच त्यांचं पहिलं भांडण झालं होतं, तेही विजेवरूनच, असं काकू सांगायच्या. पुढे काकांना किनाऱ्यावरच्या एका अणुवीज केंद्रात नोकरी लागली आणि सगळी हयात तिथंच गेली. काकू तिथल्या वसाहतीच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर ते बारामतीत घर बांधून राहिले. मूलबाळ नव्हतं. चारचौघांत काकू नवऱ्याला 'अहो' म्हणत. वाद सुरू झाला की सरळ 'तू' वर येत. माझ्या घरी असं कुणी बोललं असतं तर आजोबांनी ताट भिरकावलं असतं. काकांना मात्र 'तू' ऐकलं की तरतरी यायची.

काकांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, की ते ठेवतच नसत, ते मला कधी कळलं नाही. ते माणसाला त्याच्या खात्याच्या नावानं हाक मारत. मी 'लॅब'. दूध घालणारा 'सप्लाय'. लाईट गेल्यावर खांबावर चढणारा वायरमन 'ट्रान्समिशन'. "ए लॅब, चहा झालाय!" अशी हाक जिन्यातून यायची आणि मी जायचे. काकू तेवढ्या 'मॅडम'.

उंच, काटकुळा माणूस. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. बाहेरून आले की चौकटीत थांबायचे, दोन्ही तळवे पसरायचे आणि क्षणभर पुतळ्यासारखे स्थिर उभे राहायचे. मगच आत. मला पहिल्यांदा वाटलं, देवाला हात जोडायची काहीतरी वेगळी पद्धत असेल. काकू म्हणाल्या, "तिकडं केंद्रातून बाहेर पडताना यंत्रासमोर असं उभं राहावं लागायचं. अंगाला, हातापायाला काही लागलंय का ते बघायचं यंत्र. यंत्र राहिलं तिकडं, सवय आली हिकडं." घरी आलेले पाहुणे हे बघून एकमेकांकडे बघत. काका त्यांनाही चौकटीत थांबवून हात पसरायला लावत.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे जिवाला घोर. फळांच्या गल्लीत एक बागवान चाचा केळी विकायचे. काका त्यांच्या गाडीपाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खणखणीत आवाजात सांगत, "केळ्यात किरणोत्सर्ग असतो, ठाऊक आहे का?" एका बाईनं हातातली फणी टाकली आणि पोराला ओढत निघून गेली.

"ओ साहेब!" चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "माझ्या पोटावर का उठला? कसला उत्सर्ग सांगताय लोकांना?"

"अहो, पोटॅशियम असतं केळ्यात. त्यातला इवलासा भाग किरणोत्सर्गी असतो. काही होत नाही त्यानं. रोज खावीत केळी! लोक उगाच शब्दाला घाबरतात, ते घालवायचंय मला."

"मग पहिलं 'रोज खावीत' सांगा ना! उलटं कशाला सांगता?"

काका विचारात पडले. पुढच्या वेळी त्यांनी क्रम बदलला. तरीही गिऱ्हाईक पळालंच. मग मात्र त्यांनी स्वतःच सगळा घड विकत घेतला, आणि आठवडाभर आम्ही तिघं केळ्याची कोशिंबीर, केळ्याचे काप आणि केळ्याचा शिरा खात होतो.

त्यांचा वाद नेहमी एकाच वाटेनं जायचा नाही, म्हणून तो ऐकायला कंटाळा यायचा नाही. काका म्हणायचे, पावसाळ्यात सूर्य रजेवर, दुपारी वारा पडलेला, कोळसा पेटवला की धूर. मग दिवसरात्र, बारा महिने, न थांबता वीज देणारं काय उरलं? काकू म्हणायच्या, समुद्र उरला. सूर्य चुकेल, वारा चुकेल, भरती चुकत नाही. पुढच्या वर्षीची भरतीची वेळ आज सांगता येते. काका म्हणायचे, येते, पण वळताना थांबते. पाणी थांबलं की तुझं जनित्र झोपलं. आणि त्यासाठी खाडीच्या तोंडावर भिंत घालणार, मग चिखलातल्या पक्ष्यांनी कुठं जायचं? कोळ्यांनी होड्या कुठून काढायच्या? शिवाय आपल्या सगळ्या किनाऱ्यावर पाणी सारखं चढत नाही, हे तुलाच ठाऊक आहे. काकू म्हणायच्या, मग भिंत नको, वाहत्या पाण्यात पंखे सोडा. काका म्हणायचे, खारं पाणी लोखंड खातं. काकू म्हणायच्या, आणि तुझा कचरा काय खातो? त्याची राखण कुणी करायची? अजून जन्मालाही न आलेल्या पोरांनी?

इथं काका "तो मोजलेला आहे, एका जागी आहे, कोळशाचा धूर कुठं मोजून ठेवलाय?" असं काहीतरी पुटपुटायचे. काकू जिंकल्यासारखं माझ्याकडे बघायच्या.

लग्नाआधी काकूंनी समुद्र पाहिला नव्हता. वसाहतीतलं त्यांचं घर किनाऱ्याला लागून होतं. ओहोटीला पाणी नजरेआड जायचं आणि भरतीला पार बांधापर्यंत चढून यायचं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपण ओरडलो होतो, असं त्यांनी मला सांगितलं. "एवढं वजन, लॅब! एवढं पाणी उचलून आणायचं आणि परत न्यायचं. रोज. कुणी सांगितलेलं न्हाय, कुणाला पगार न्हाय. आणि हा आत त्या भिंतींच्या मागं बसून काटे बघत असायचा." त्याही मला लॅबच म्हणायला लागल्या होत्या.

घरावर सौरपॅनल बसवायला काकांचा ठाम विरोध होता. शेजारीपाजारी सगळ्यांच्या गच्चीवर पॅनल आले, आमच्या गच्चीवर तारेवर कपडे. एकदा काका भावकीतल्या कामासाठी अंथुर्ण्याला राहायला गेले. ते वळणापलीकडे दिसेनासे झाले न झाले तोच दारात टेम्पो उभा राहिला. काकूंनी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. काका परत आले तेव्हा काचा उन्हात लखलखत होत्या. मी जिन्यात उभी होते. काका अंगणातून वर बघत राहिले. ओरडले नाहीत. आत आले, जेवले, झोपले. मला वाटलं, आता या घरातलं बोलणंच संपलं.

सकाळी गच्चीवरून पाण्याचा आवाज आला म्हणून वर गेले, तर काका मऊ फडक्यानं पॅनल पुसत होते.

"काका?"

"धूळ बसलीय. घाणेरडं पॅनल म्हणजे तर आणखीच वाईट." मग खाली वाकून मोठ्यानं ओरडले, "मॅडम! हरायचंच असेल तर नीट हरा! चांगलं पुसून ठेवतोय तुमचं!"

त्या दिवसापासून ते काम त्यांचं. ढगाळ दिवशी मात्र मीटरसमोर उभं राहून आकडा मोठ्यानं वाचायचे, गल्लीला ऐकू जाईल असा.

काकूंच्या छातीत गाठ सापडली ती माझ्या मुक्कामाचं दुसरं वर्ष संपत असताना. काकूंनीच मला सांगितलं, ओट्यापाशी उभ्या राहून, भाजी चिरता चिरता, भाव वाढलेत असं सांगावं तसं. माझ्याही हातात सुरी होती, ती कुठं ठेवायची कळेना. त्या म्हणाल्या, "रडू नकोस. तो रडतोय आत. दोघं एकदम रडू नका, मला सांभाळायला जमायचं न्हाय."

ऑपरेशन झालं. पुढे पुण्याला किरणांचे उपचार सुरू झाले. काका रोज गाडी काढायचे. एकदा मी बरोबर होते. काकू बाहेर आल्या, चेहरा थकलेला, ओढणीनं मान पुसत खुर्चीत बसल्या आणि काकांकडे बघून हसल्या.

"शेवटी मला तुझ्याच पक्षात आणून बसवलंस."

काकांना हसायचं होतं. तोंड उघडलं, मग ते तिच्यासाठी पाणी आणायला निघून गेले. काकूंच्या टोमण्याला उत्तर न देता ते उठल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते आजाराहून भयंकर वाटलं.

काकूंचे थोरले भाऊ, आबा, निमगावाहून भेटायला यायचे. शेतकरी माणूस, डोक्याला टापटीप टोपी, बोलणं थोडं. विहिरीवर सौरपंप बसवलेला, त्याचं त्यांना मोठं कौतुक. बहिणीनं अणूच्या घरात संसार केला याचा राग त्यांनी कधी लपवला नाही. त्या दिवशी ते काकूंच्या खाटेशी बसले होते, मी काकूंना सरबत देत होते. आबा एकदम म्हणाले, "ह्येच्या त्या कारखान्यानं तुला खाल्लं, ताई. मी तवाच सांगत हुतो, तितं जाऊ नगा."

काकूंनी पेला खाली ठेवला. "आईला काय झालं होतं, दादा?"

आबांनी टोपी काढून हातात घेतली.

"आणि मावशीला?"

"त्येचं आता काय? पोरीचं जमत आलंय. असलं बोलायचं न्हाय." एवढं म्हणून ते उठले. दारातून बाहेर जाताना त्यांच्या हातातून टोपी पडली, ती त्यांनी उचललीही नाही. मी धावत जाऊन दिली.

मला तेव्हा कळलं. आबांची मुलगी, काकूंची लाडकी भाची, लग्नाची होती. आजीला छातीची गाठ, आजीच्या बहिणीला गाठ, आत्याला गाठ, हे कळलं तर कोण सोयरीक करणार? त्यापेक्षा अणूला दोष दिलेला बरा. अणूला काही मुली नव्हत्या.

काकू गेल्या. शेवटचे दिवस मी लिहीत नाही.

काकूंच्या आजारपणातच काका एकटेच डॉक्टरांकडे जाऊन आले होते. गच्चीवर पॅनल पुसत असताना त्यांनी मला सांगितलं. "विचारलं मी. म्हटलं, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका, खरं सांगा. माझ्यामुळं झालं का?" फडकं पिळून त्यांनी पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी मला सांगितलं नाही. ते मी दहाव्याला ऐकलं, आणि माझ्याबरोबर सगळ्या पंचक्रोशीनं.

दहावा अंथुर्ण्याला, कालव्याच्या कडेला होता. मांडव घातला होता, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. आमच्या कारखान्यातले काहीजण मोटारसायकलींवरून आले होते. कीर्तनकारांचं प्रवचन झालं. मग आपल्याकडे होतात तशी श्रद्धांजलीची भाषणं. कुणी काकूंच्या शिकवण्याबद्दल बोललं, कुणी त्यांच्या स्वभावाबद्दल, ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं तेही बोलले. काका पुढच्या सतरंजीवर, नुकतंच मुंडण केलेलं डोकं उन्हात, हाताची घडी घालून.

मग आबा उभे राहिले. त्यांना माईकची सवय नव्हती, तो त्यांनी तोंडाला चिकटवून धरला. "माझी बहीण धडधाकट हुती. तिला त्या अणूच्या कारखान्यानं मारली. आमी गप बसलो, त्येच चुकलं." खाली बसले आणि उपरण्यात तोंड लपवलं. त्यांचं दुःख खरं होतं, त्यात मला आजही शंका नाही.

त्यांच्या पाठोपाठ तालुक्यातले एक पुढारी उठले. किनाऱ्यावर नवं अणुवीज केंद्र होऊ घातलंय, तिथल्या गावांचा मोर्चा निघणार आहे, आपणही ट्रक भरून जाऊ, आणि या माऊलीचा फोटो मोर्चाच्या फलकावर सर्वांत पुढे असेल, असं त्यांनी जाहीर केलं. बायांच्या बाजूनं हुंदके आले. कुणीतरी घोषणा दिली. दहाव्याच्या मांडवात घोषणा!

काका उठले. लोकांना वाटलं, आभार मानणार. त्यांनी माईक हातात घेतला.

"बसा सगळे. जेवणाला थोडा उशीर होईल." घसा खाकरून ते पुढे बोलले, आणि बोलता बोलता त्यांची शहरी भाषा गळून गेली. "आबा म्हणाले त्ये खरं असतं, तर मीच पयला हितं उभा राहून सांगितलं असतं. मी त्या केंद्रात हयात काढली. आत मी जायचो. ती न्हाय. तरीपण मी डॉक्टरला इचारलं. डॉक्टर म्हणले, एका माणसाचं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत न्हाय. ह्ये मी लपवत न्हाय, ऐकून ठेवा. पर मग त्यांनी मला इचारलं, घरात आदी कुणाला हुतं का? हुतं. तिच्या आईला हुतं. तिच्या मावशीला हुतं. दोघी निमगावात गेल्या. दोघींनी जल्मात समुद्र बघितला न्हवता."

आचाऱ्यांच्या बाजूनं झारा कढईला लागल्याचा आवाज तेवढा आला. मी बायांमध्ये बसले होते. माझ्या पुढच्याच ओळीत आबांची मुलगी होती. सगळ्या बाया तिच्याकडे वळून बघत होत्या. तिनं ओढणी डोक्यावरून पुढे ओढली.

आबा उभे राहिले होते. "दाजी, बास करा."

"बास न्हाय. अजून तिची बाजू राह्यली." काका पुढाऱ्यांकडे वळले. "तुमाला फोटो पायजे ना फलकावर? मग तिचं दुखणं लिवू नका खाली. तिला मत हुतं. तिचं मत लिवा. ती म्हणायची, वीज अशी पायजे की बिघडली तर गावानं गाव सोडून पळायला नको. भरतीच्या भिंतीला भगदाड पडलं तर काय व्हईल? पाणी येईल आणि पाणी जाईल. वाऱ्याचा पंखा मोडला तर मोडला. सूर्याची काच फुटली तर दुसरी बसवू. अणूचं बिघडलं तर आई पोराला घिऊन कुठं पळंल, ह्ये मला सांग, म्हणायची. मी तिला किंमत सांगायचो. जागा सांगायचो. मासे सांगायचो. ह्याचं उत्तर मी तिला कधी दिलं न्हाय, कारण माझ्याकडं न्हवतं. दुसरं म्हणायची, आज आपण दिवे लावायचे आणि राख जल्माला न आलेल्या पोरांनी सांभाळायची, ह्यो कुठला न्याय? त्येचंबी उत्तर मी फिरवून द्यायचो." त्यांनी श्वास घेतला. "मला आजबी अणुवीजच बरोबर वाटती. धूर न्हाय, खंड न्हाय. पर तिच्या बाजूनं खरं सांगण्यासारखं एवढं असताना तुमी तिच्या तोंडी खोटं घालू नका. संपलं. जेवून जा."

माईक त्यांनी साऊंडवाल्याच्या हातात दिला आणि जागेवर येऊन बसले.

मी बायकोच्या दहाव्याला रडणारे पुरुष पाहिले होते, गप्प बसलेले पाहिले होते. स्वतःच्या आयुष्यभराच्या कामाविरुद्ध, मेलेल्या बायकोच्या वतीनं, भर मांडवात वाद घालणारा माणूस मी पाहिला नव्हता. पुढारी न जेवता गाडीत बसले. आबांनी बायको-मुलीला उठवलं आणि तेही न जेवता निघाले. दहाव्याला सख्खा भाऊ उपाशी गेला.

गावात चर्चा झाली ती अशी की, म्हातारं डोक्यातून गेलं. काहींनी सांगितलं, पेन्शन जाईल म्हणून घाबरून बोलला. भाचीची सोयरीक मोडली. मुलाकडच्यांनी पत्रिकेचं कारण दिलं, पण पत्रिका तर आधीच पाहून झाली होती. ही बातमी कानावर आली तेव्हा मला राहवलं नाही. मी खाली गेले. काका एकटेच ताटात भात कालवत बसले होते.

"काका, तुम्ही त्या दिवशी चुकलात."

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर खरीखुरी उत्सुकता होती. "कुठला भाग चुकला? भरतीचा?"

"त्या मुलीचं लग्न मोडलं, काका!"

"ते वाईट झालं," ते म्हणाले. आणि भाताचा घास घेऊन, "पण चुकीचं काही सांगितलं नाही ना मी?"

मी वर निघून आले. खोली सोडायचं माझ्या मनात आलं होतं.

ती सोडायच्या आतच एका दुपारी भाची दारात उभी राहिली. निमगावात मुलांच्या शिकवण्या घेणारी, शांत मुलगी. एसटीनं एकटीच आली होती. घरी सांगितलं नव्हतं. काका चौकटीपाशी आले. आत्याच्या नवऱ्याला ती मामा म्हणायची.

"मामा, मला तपासून घ्यायचंय."

काका तसेच आत गेले आणि गाडीची किल्ली घेऊन आले. मला म्हणाले, "लॅब, तू चल. बाईमाणूस पायजे बरोबर."

बारामतीतच तपासणी झाली. बाहेर बाकावर बसून काकांनी हातातला पेपर उघडलाही नाही. डॉक्टरीणबाईंनी मला आणि भाचीला आत बोलावलं. गाठ होती. बोटाला लागणार नाही एवढी लहान, तपासली नसती तर कळलीच नसती. भाचीनं माझा हात असा धरला की मला तिची नखं लागली. मी बाहेर येऊन काकांना सांगितलं, तेव्हा ते उठून गाडीची किल्ली शोधायला लागले. ती त्यांच्या हातातच होती.

ऑपरेशन पुण्याला झालं. वेळेत सापडलं, मुलगी वाचेल, दरवर्षी तपासत राहायचं, असं डॉक्टर म्हणाले. आबा आले होते. काकांकडे त्यांनी बघितलं नाही. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले. मी चहा घेऊन गेले तर कप हातात धरून म्हणाले, "आईनं गाठ पयल्यांदा मला दावली हुती, पोरी. मी तवा पोरगं हुतो. कुणाला सांगू नको म्हणली. मी आजतागायत सांगितलं न्हाय." चहा तसाच गार झाला.

घरी सोडलं त्या दिवशी काका गाडी चालवत होते. भाचीला झोपल्यासारखं बसता यावं म्हणून ती मागे माझ्या शेजारी, त्यामुळे आबांना पुढे बसावं लागलं. सगळी वाट काका समोर रस्त्याकडे बघत होते आणि आबा खिडकीतून बाहेर. बारामती मागे पडली. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच एखाद्या विहिरीवर सौरपंपाच्या काचा. भाची डोळे मिटून होती. ती अचानक बोलली.

"मामा, तुम्ही मांडवात बोलला नसता तर मी तपासायला गेले नसते. तेव्हा मला तुमचा जीव घ्यावासा वाटला होता. पण मला वाचवायलाच बोललात ना तुम्ही?"

मी काकांच्या मानेकडे बघत होते. दुसरा कुणीही असता तर 'हो' म्हणाला असता. एक शब्द. त्या मुलीला तेवढंच ऐकायचं होतं, आणि आबांनाही.

"न्हाय," काका म्हणाले.

भाचीनं डोळे उघडले.

"तू कुठं बसलीस ते मी बघितलंपण न्हवतं. तू माझ्या डोक्यातच न्हवतीस." ते मागे वळले, एक हात चाकावर ठेवून. डोळे भरलेले. "तिच्या नावावर खोटं खपवत हुते, मला ते सोसलं न्हाय. तेवढंच हुतं. बोलायच्या आदी मांडवात कोण कोण बसलंय ते बघायला पायजे हुतं मी. तुझं लग्न मोडलं ते माझ्यामुळं. तू वाचलीस ती तुझी तू बस धरून आलीस म्हणून. उगं माझ्या नावावर घालू नको."

एवढं नागडं खरं कुणी आजारी मुलीला सांगतं का? भाची त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना, आणि टाके दुखतील म्हणून तिनं छातीशी हात घट्ट धरले.

"दाजी," पुढून आबा म्हणाले. "म्होरं बघा. ट्रॅक्टर येतोय."

काकांनी झटकन मान वळवली आणि गाडी डावीकडे घेतली. उसाची ट्रॉली घासून गेली. मांडवातून उठून गेल्यापासून आबा त्यांच्याशी बोलले, ते हे पहिलं.